आईच्या गावच्या अळ्या

आपिया, १४ ऑगस्ट २०१८

इआकोपो,

नाताळाच्या कार्डाखेरीज मी तुला काही पाठवलं नाही, त्याला सहा वर्षं होत आली. कार्डावर सही ठोकायला धाडस लागत नाही. आज कागद समोर घेतला तर पेन झटकण्यातच अर्धा तास गेला.

आधी कामाचं सांगते, म्हणजे हात चालू राहील. प्रयोगशाळेत यंदा माझ्याकडे पालोलो आल्या आहेत. लहानपणी आपण मूठमूठभर तोंडात कोंबायचो त्याच अळ्या आता मी चिमट्याने धरते, स्पिरिटच्या नळीत सोडते आणि नळीवर गावाचा क्रमांक टाकते. दोन्ही बेटांवरच्या सदतीस गावांचे गेल्या मोसमातले नमुने आले आहेत. शोधायचं एवढंच, की ही सगळी एकच जात आहे की आणखी आहेत. दिसायला सगळ्या सारख्या. डोक्यातले जबडे पाहिले तर जात थोडीफार सांगता येते, पण पहाटे वर येते ती नुसती शेपूट. डोकं खाली प्रवाळाच्या दगडात राहतं. आपण जन्मभर शेपट्याच खाल्ल्या, डोकं कोणी पाहिलंय? म्हणून जनुकं वाचायची. शेपटीचा तांदळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा आणि एका गावची अक्षरांची ओळ दुसऱ्या गावच्या ओळीशी ताडून पाहायची. आमचे सोलोमोना साहेब मला शेपट्यांची पाद्रीणबाई म्हणतात, कारण मी एकेकीचं नाव-गाव वहीत लिहून घेते.

छत्तीस गावांच्या ओळी एकसारख्या आल्या. एकाच गावची जात वेगळी निघाली. ते पलीकडच्या सावाई बेटावरचं आईचं गाव.

आठवतं ना, आई दर वर्षी एक दिवस आधी उठून बसायची? "आज येणार," म्हणायची, आणि शेजारच्या बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. तिच्या गावाला पालोलो आपल्यापेक्षा एक दिवस आधीच येतात. तिकडे सगळे तसं सांगायचेच, आपण ते सावाईकरांचं बढाई मारणं समजायचो. आता कळतंय की त्यांची जातच निराळी आहे आणि तिचा दिवसही निराळा. बिचारी बरोबर होती, फक्त तिचं पाणी चुकलं होतं.

हे तुला का सांगते आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. त्या वर्षी तू तुईसाऊंच्या घरी जी टोपली नेलीस, तीही एक दिवस आधीचीच होती. गावाने पालोलो धरायला समुद्र उघडण्याआधीची. पहिली पकड मुखियाला द्यायची हा आपला रिवाज, म्हणून तू ती त्यांच्यापुढे नेऊन ठेवलीस, आणि त्यांनी ती खाल्ली. दुसऱ्या पहाटे अख्खं गाव फुलांच्या माळा घालून, जाळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं आणि एकही अळी वर आली नाही. तिसऱ्या दिवशी तुईसाऊ गेले. गावाला मग आणखी काय हवं होतं?

आठ ऑक्टोबरला गावसभा आहे. तुझी गावबंदी उठवायची तर कोणीतरी कारण घेऊन उभं राहायला पाहिजे, असं म्हणतात. कारण बहुतेक माझ्याकडे आहे. नक्की झालं की लिहीन.

लांगी


आपिया, ३ सप्टेंबर २०१८

इआकोपो,

तुझ्या रूताचा फोन आला होता. म्हणाली, तू पत्र वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि विमानतळावर रात्रपाळीला निघून गेलास. वाचलंस हेच पुष्कळ झालं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. त्या टोपलीतल्या मूठभर अळ्या मी काढून ठेवल्या होत्या. आइस्क्रीमच्या डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे. दोनदा फ्रीज बदलला, डबा प्रत्येक वेळी माझ्याबरोबर आला. का ठेवला होता ते विचारू नकोस. चोराच्या मनात चांदणं.

गेल्या आठवड्यात मी तो प्रयोगशाळेत नेला. कोणाला सांगितलं नाही. नळीवर गावाच्या क्रमांकाऐवजी नुसतं एकेचाळीस लिहिलं. या अळ्यांच्या अंगावर प्रत्येक कड्याला एक काळा ठिपका असतो. तो डोळा नव्हे, उजेड आणि अंधार एवढंच त्याला समजतं. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा सहा वर्षं गोठलेल्या त्या तुकड्यांचे ठिपके सगळेच्या सगळे वर होते. मी डबा हलवला, झाकण लावलं, पाण्याचा एक घोट घेऊन पुन्हा उघडलं. पुन्हा वर. हे मी वहीत लिहिलेलं नाही.

ओळ आली ती आईच्या गावची.

मला वाटलं हातून चूक झाली. आमच्या कामात हे होतं, एका नळीतला थेंब दुसरीला लागला की एकाच्या बापाचं नाव दुसऱ्याच्या पोराला. म्हणून नवे मोजे, नवी सुरी, दुसरा दिवस, सावाईच्या नळ्या दुसऱ्या खोलीत. तीनदा केलं. तिसऱ्यांदा तर तुकडा कापायला सोलोमोना साहेबांनाच सांगितलं. तिन्ही वेळा तीच ओळ, अक्षराचा फरक नाही.

साहेब म्हणाले, "हा एकेचाळीस सावाईच्या त्या गावचाच आहे ग. क्रमांक घालायला विसरलीस काय?"

मी म्हटलं, आमच्या गावचा आहे. ते हसले आणि म्हणाले, शक्यच नाही. मग हसायचे थांबले, कारण मी हसत नव्हते. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहून येतात, हे त्यांनीच मग मला समजावलं, आणि त्या बाजूने आपल्याकडे प्रवाहच येत नाही हेही त्यांनीच सांगितलं. "समुद्राला कधीतरी लहर येते," म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

तू त्या टोपलीतल्या अळ्या कुठे धरल्यास हे सभेत तुला चार वेळा विचारलं होतं. तू जमिनीकडे बघत राहिलास. तेव्हा सगळ्यांना तो उद्धटपणा वाटला.

मी पुढच्या शनिवारी गावी जाणार आहे. ओहोटीला पाण्यात उतरून दगड बघायचा आहे. कोणता ते तुला माहीत आहे.

लांगी


गावाहून, १९ सप्टेंबर २०१८

इआकोपो,

मी अजून गावीच आहे. साहेबांना ताप आल्याचं कळवलं. खोटं आहे, पण तुला खोटं लिहायचा आता कंटाळा आला.

आईचं थडगं त्सुनामीच्या मोठ्या लाटेत गेलं तेव्हा पेटी आपल्याला आंब्याच्या बागेत सापडली, ती आपण टेकडीवर पुन्हा पुरली. दगड मात्र पाण्यातच राहिले. मामांनी होडीतून आणलेले तिच्या गावचे दगड. "परक्या मातीत निजायचंच आहे, तर निदान अंगावर आपला दगड असू दे," असं मोठा मामा म्हणाला होता. ते प्रवाळाचेच होते, आणि आपल्या अंगणात अकरा वर्षं उन्हात तापले. कोरड्या दगडात ही अळी अकरा दिवससुद्धा जगत नाही. हे मी शिकले आहे, यावर मला पगार मिळतो.

दुपारच्या ओहोटीला गेले. लख्ख ऊन होतं. वरची शिळा सपाट पडली आहे, छातीएवढ्या पाण्यात. तिच्यावर सगळीकडे प्रवाळ धरलंय, फक्त नावाची अक्षरं मोकळी आहेत. नुकतीच घासल्यासारखी स्वच्छ. कोपऱ्याचा एक तुकडा छिन्नीने फोडला, तेव्हा आत बोटभर भोकं होती आणि भोकाभोकांत डोकी. ती आत सरकली, सगळी एकदम. मी हात शिळेवर टेकला होता. वरचं पाणी गार होतं आणि दगड गार नव्हता.

दोन डोकी बाटलीत घेतली आहेत. त्यांची ओळ काय येईल ते मला आत्ताच सांगता येईल.

आता जे लिहायचं ते लिहिते, नाहीतर हे पत्रही कार्डासारखं होईल.

त्या टोपलीतल्या अळ्या तू धरल्या नव्हत्यास. मी धरल्या होत्या. त्या पहाटे मला जाग आली ती आईसारखीच, एक दिवस आधी. अंगाला कळलं. मी जाळं घेतलं आणि कोणालाही न उठवता निघाले. समुद्र उघडला नव्हता, मला माहीत होतं. वाटलं, एक मूठ घेऊन बघू, आई खरी होती की नाही. शिळेच्या वर पाणी हिरवं-तपकिरी झालं होतं, उकळत्या डाळीसारखं. मी एकटीच होते. एकटीने, चांगलं उजाडायच्या आत, ती मोठी टोपली काठोकाठ भरली. घाबरून बाहेर आले तर तू काठावर उभा. तू काही विचारलं नाहीस. टोपली माझ्या हातून घेतलीस आणि म्हणालास, "मी नेतो." मला वाटलं रागावलास. त्या दिवसभर तू माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाहीस.

मग सभेत त्यांनी तुला घेरलं आणि मी बायकांच्या रांगेत चटईचे धागे मोजत बसले. बहीण भावाच्या डोळ्यातली बाहुली असते, असं आपल्याकडे म्हणतात. तू बाहुली जपलीस. मी करून सवरून नामानिराळी राहिले. तू निघालास त्या दिवशी घराची खिडकी फोडली कोणीतरी, आणि मी तुला निरोप द्यायला रस्त्यापर्यंतही आले नाही. लोक बघत होते ना.

सभेपुढे मी उभी राहीन. त्याआधी मला तुईसाऊंच्या सिएला काकीच्या दारात बसायला पाहिजे. तिचा नवरा गेलाय, सभेचा काही गेला नाही.

लांगी


गावाहून, ९ ऑक्टोबर २०१८

इआकोपो,

बंदी उठली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

शनिवारी उजाडायच्या आधी मी आईची बारीक विणीची चटई डोक्यावरून घेऊन तुईसाऊंच्या अंगणात गुडघ्यावर बसले. आपल्यात हे करायला सगळं घराणं येतं. आपल्या घराण्यात आता आहे कोण? बाबा गेले, तू तिकडे. मी एकटीच. घरच्यांनी काठीने मारलं तरी हलायचं नाही, हा नियम. काकीचे मुलगे उठले, दात घासले, माझ्याभोवती फिरले, एकाने कुत्रं सोडू का म्हणून विचारलं. ऊन चढलं. चटईच्या आत माझा स्वतःचा श्वास मला दुहेरी वाटायला लागला. मी श्वास रोखला तरी तो एक क्षण चालूच राहायचा. भुकेने होत असेल.

दहाच्या सुमाराला काकीने चटई उचलली. उचलली म्हणजे माफ केलं. ती नुसती म्हणाली, "किती उशीर लावलास ग."

आत नेऊन कोको दिला. मी सगळं सांगितलं, जनुकांचंसुद्धा. मला वाटलं तिला त्यातलं काही समजणार नाही. ती मध्येच म्हणाली, "एवढ्या नळ्या लागल्या होय तुला? आमच्या म्हाताऱ्याला एका घासात कळलं होतं."

मग तिने सांगितलं ते तसंच लिहिते. आईला बाबांसाठी मागायला तुईसाऊच गेले होते, तरुणपणी, तोंडाने गोड म्हणून. पालोलोचे दिवस होते, तिच्या गावी तीन रात्री राहिले. परत आल्यापासून पालोलो खाताना ते दर वर्षी म्हणायचे की चव तिकडचीच. काकी म्हणाली, "मी समजायची ते समजले होते. तुझी आई मातालेना भली बाई होती, तिच्याकडून कधी काही नव्हतं."

आणि मग त्या दिवसाचं. "तुझ्या भावाने टोपली ठेवली. म्हाताऱ्याने एक घास घेतला आणि थांबला. म्हणाला, हे आपल्या पाण्यातलं नव्हे, हे मातालेनाकडचं. मी म्हटलं, मातालेनाला जाऊन चौदा वर्षं झाली. तर मला विचारतो, मग आणून कोणी दिलं?"

त्यांनी टोपली रिकामी केली, एकट्याने. संध्याकाळी उठून गावाच्या टोकाला किनाऱ्यावर जाऊन बसले. दोन रात्री आणि मधला दिवस, पावसात. काकी नारळाच्या झाडाआड उभी राहून ऐकत होती. "बोलत होता," ती म्हणाली. "बोलायचा, मग गप्प राहायचा, मग उत्तर मिळाल्यासारखा पुढचं बोलायचा. एकदा हसलासुद्धा. माझ्याशी चाळीस वर्षांत तसा हसला नव्हता." तिसऱ्या दिवशी छाती भरली आणि गेले. विष नव्हतं, समुद्राचा कोप नव्हता. भिजून गेले.

मी विचारलं, मग सभेत का बोलली नाहीस?

"काय बोलू? नवरा मेलेल्या बाईशी गप्पा मारत बसला म्हणून गेला? त्यापेक्षा पोराने आणलेली अळी वाईट होती, हे सांगायला सोपं होतं. तू तोंड उघडशील म्हणून मी तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस."

म्हणजे आम्ही दोघी समोरासमोर बसून तुला बाहेर काढलं. पुरुषांनी फक्त ठराव केला.

सभेत मी एकटी उभी राहिले नाही. काकी शेजारी येऊन बसली आणि जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं तिने सांगितलं. मी जनुकांचा कागद दाखवला: या अळ्या वेगळ्या, यांचा दिवस वेगळा, त्यांच्यामुळे आपल्या अळ्या यायच्या थांबत नाहीत. आपल्या त्या वर्षी का आल्या नाहीत, ते मला माहीत नाही, आणि तेही मी सांगितलं. एका म्हाताऱ्या मुखियाने विचारलं, अळ्या धरताना बरोबर कोण होतं. मी म्हटलं, कोणी नाही, एकटीच होते. त्याने दोनदा विचारलं. एवढी मोठी टोपली एकटीने एवढ्या वेळात भरत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण तेच खरं आहे. दंड म्हणून एक मोठं डुक्कर आणि गावजेवण माझ्यावर आलं आहे, आणि तुझं नाव पुन्हा घराण्यात वाचलं गेलं.

प्रयोगशाळेत पाठवलेल्या त्या शिळेतल्या डोक्यांची ओळ सोमवारी फोनवर कळली. जी यायची तीच आली.

यंदा समुद्र एकतीस तारखेला उघडेल. तिच्या अळ्या तीसला. तू ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. सहा वर्षं मी काम, हवा, फ्रीज, सगळ्यावर लिहिलं असतं, पण एक वाक्य टाळत आले. मला माफ कर, इआकोपो. तू नाही केलंस तरी मी ते आता लिहिलं आहे.

लांगी


मांगेरे, ऑकलंड, १८ ऑक्टोबर २०१८

ताई,

तुझी चारही पत्रं मिळाली. मला लिहिता येत नाही तुझ्यासारखं, रूता शेजारी बसली आहे म्हणून लिहितोय.

तुझ्यावर मी कधीच रागावलो नव्हतो. तू समजतेस तसं मी तुला वाचवायला टोपली घेतली नाही. म्हणजे घेतली, पण सभेपासून वाचवायला नव्हे.

तू दार लोटलंस तेव्हाच मला जाग आली होती. मी मागोमाग आलो आणि काठावर उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. तू प्रत्येक पत्रात लिहितेस की एकटी होतीस, सभेतही तेच सांगितलंस. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. पण पाण्यात तुम्ही दोघी होतात. जाळ्याचं दुसरं टोक तिने धरलं होतं. तू खेचलंस की ती सैल सोडायची, तू थांबलीस की ती पुढे व्हायची, जन्मभर बरोबर काम केल्यासारखं. माझ्याकडे तिची पाठ होती. मी हाक मारली नाही. ती वळली असती, आणि मला तोंड बघायचं नव्हतं. तू बाहेर यायला वळलीस तेव्हा तिने टोपली खालून उचलून तुझ्या हातात दिली, आणि तू ती न बघता घेतलीस.

गावाने विचारलं असतं, बरोबर कोण होतं. तू म्हणाली असतीस, कोणी नाही. आणि मला तिथे बसून बहिणीला खोटं पाडावं लागलं असतं, नाहीतर गप्प राहावं लागलं असतं. गप्प राहायचंच होतं तर टोपली माझ्याच हातात बरी, असं तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

मी येतोय. सव्वीसचं, शुक्रवारचं विमान आहे. रूता आणि मुलं नाताळात येतील.

तीस तारखेच्या पहाटे तुला जाग येईल. उठू नकोस, मला उठव. तू काठावर थांब आणि मला सांग, माझ्याबरोबर कोण आहे.

इआकोपो